नाच बसवणारीचं नाव

मैत्रिणींनो, गॅदरिंगचे नाच बसवते मी, पण पत्रिकेत ‘दिग्दर्शक’ म्हणून नाव सरांचं! म्हणूनच न्यूयॉर्कच्या सुझन स्ट्रोमनची वाटचाल मला जवळची वाटते. ब्रॉडवेवर नृत्यदिग्दर्शनासाठी तिला १९९२ मध्ये पहिला ‘टोनी’ पुरस्कार मिळाला. डिसेंबर १९९९ मध्ये तिचे पती माईक ऑक्रेंट गेले. ‘द प्रोड्युसर्स’ हे संगीत नाटक ते दिग्दर्शित करणार होते. ते काम मग सुझननं पेललं. २००१ मध्ये त्याच नाटकासाठी दिग्दर्शन आणि नृत्यदिग्दर्शन, दोन्ही ‘टोनी’ तिलाच! एकाच वर्षी दोन्ही मिळवणारी ती पहिली स्त्री.

कुणी म्हणेल, नवऱ्याची जागा मिळाली. छे हो! १९९९ मध्येच ‘कॉन्टॅक्ट’ तिनं स्वतः दिग्दर्शित केलं होतं. नाच बसवणारीला अख्खा रंगमंच दिसतो. यंदा पत्रिका छापण्याआधी मीही विचारणार आहे, माझं नाव कुठंय?