तालमीचा धर्म

पाद्रीबुवांनी प्रवचन करावं, आजाऱ्याच्या उशाशी बसावं, लग्नं लावावीत, मयतीला यावं. संपकऱ्यांत मिसळायचं कशाला? गळ्यात शिट्टी अडकवून पोरांमागे मैदानावर धावायचं कशाला? ही कुरकुर चर्चच्या दारात नेहमी ऐकू येते, आणि ती आपल्याला परकी वाटायचं कारण नाही. कीर्तनकार जातिभेदावर बोलू लागला की ‘बुवा, अभंगावर या’ म्हणणारे मांडवात असतातच.

या कुरकुरीला उत्तर देताना मी एका अमेरिकी मेथडिस्ट पाद्र्याला साक्षीला बोलावतो. जेम्स लॉसन, जन्म १९२८, निधन जून २०२४. ओहायोतल्या मॅसिलन गावात ते वाढले. लहानपणी एका गोऱ्या पोराने मोटारीतून वर्णावरची शिवी हासडली, तेव्हा यांनी जाऊन त्याच्या थोबाडीत ठेवून दिली. घरी येऊन आईला पराक्रम सांगितला. ती स्वयंपाक करत होती. मागे वळूनही न बघता तिने विचारलं, याने काय साधलं? वडीलही पाद्रीच, पण पिस्तूल बाळगणारे. म्हणजे एकाच घरात, एकाच बायबलाखाली दोन उत्तरं होती.

पुढे कोरियन युद्धाच्या वेळी लष्करभरती नाकारून लॉसन वर्षभराहून अधिक तुरुंगात राहिले आणि १९५३ मध्ये थेट आपल्या नागपुरात आले. हिस्लॉप कॉलेजात ते शिकवत आणि मुलांकडून खेळाचा सराव करून घेत. गांधी त्यांनी आधी वाचले होते. इथे ते सत्याग्रहाच्या अभ्यासात बुडाले. अमेरिकेतल्या माँटगोमेरी शहरात काळ्यांनी पुकारलेल्या बस-बहिष्काराची बातमीही त्यांनी नागपुरातच वर्तमानपत्रात वाचली. १९५६ मध्ये ते मायदेशी परतले आणि पुढे नॅशव्हिलला विद्यार्थ्यांना घेऊन बसले.

आता पूर्वपक्ष. पहिला आक्षेप सोवळ्याचा: धर्मात राजकारण आणलं की धर्म बाटतो. निदान मेथडिस्टांच्या तोंडी तरी हा शोभत नाही. ‘मेथडिस्ट’ हे नावच मुळात टवाळीतून आलं. ऑक्सफर्डमध्ये या पंथाचा संस्थापक जॉन वेस्ली आणि त्याचे सोबती प्रार्थना, उपास, अभ्यास सगळं ठरल्या वेळी, ठरल्या रीतीने करत, म्हणून पोरं त्यांना चिडवत. आपल्या भाषेत सांगायचं तर ‘नेमवाले’. पण त्या नेमात तुरुंगातल्या कैद्यांची भेटही होती. पुढे चर्चची दारं बंद होऊ लागली तेव्हा १७३९ मध्ये ब्रिस्टलजवळ किंग्जवुडच्या कोळसा खाणकामगारांसमोर वेस्ली उघड्यावर उभा राहिला. १७७४ मध्ये त्याने गुलामगिरीविरुद्ध पुस्तिका लिहिली आणि १७९१ मध्ये मृत्यूच्या काही दिवस आधी ब्रिटिश खासदार विल्बरफोर्सला त्याच लढ्यासाठी पत्र पाठवलं. मग बाटलं कोण? नेमातला अर्धा भाग गाळून उरलेल्या अर्ध्याला शुद्ध म्हणणारेच.

शिवाय गप्प बसणं आणि गप्प बसवणं हेही राजकारणच असतं. १९६० मध्ये लॉसन यांना व्हँडरबिल्ट विद्यापीठाने धर्मशास्त्राच्या वर्गातून काढून टाकलं, ते त्यांनी काळ्या विद्यार्थ्यांना गोऱ्यांसाठी राखीव जेवणाच्या काउंटरवर शांतपणे बसायला शिकवलं म्हणून. त्या हकालपट्टीला कोणी ‘राजकारण’ म्हणालं नाही. तिला ‘शिस्त’ म्हटलं गेलं.

दुसरा आक्षेप उलट दिशेने येतो आणि तो अधिक वजनदार आहे. न्यायासाठी देव कशाला? तुमच्या चर्चनेच काय दिवे लावले? हे मान्य करायलाच हवं. गुलाम बाळगणाऱ्या बिशपच्या प्रश्नावर अमेरिकेतलं मेथडिस्ट चर्च १८४४ मध्ये फुटलं. १९३९ मध्ये दुभंग सांधला, तोही काळ्या मंडळ्यांना वेगळ्या विभागात ढकलून. ती व्यवस्था १९६८ पर्यंत टिकली. श्रद्धेने माणूस आपोआप न्यायी होत नाही. देव न मानणारेही न्यायासाठी तुरुंगात गेले आहेत. तेव्हा श्रद्धेवाचून न्याय नाही, असा माझा दावा नाही. माझं म्हणणं इतकंच की मत बनवणं सोपं असतं आणि तोंडावर कोणी थुंकल्यावर ते टिकवणं अवघड. ती टिकवण्याची ताकद तालमीतून येते, आणि श्रद्धा ही मुळात अशी तालीम आहे.

‘तालीम’ हा आपला शब्द मोठा गुणी आहे. पैलवानाचीही तालीम, नाटकाचीही तालीम. नॅशव्हिलच्या एका मेथडिस्ट चर्चमध्ये लॉसन जे करत, त्यात दोन्ही अर्थ होते. काही विद्यार्थी खुर्च्यांवर गिऱ्हाईक म्हणून बसत. बाकीचे गुंड होत. ते शिव्या देत, केस ओढत, तोंडावर सिगारेटचा धूर सोडत, खुर्चीवरून खाली खेचत. बसलेल्याने हात उचलायचा नाही आणि पळायचंही नाही. मग भूमिका बदलायच्या, आणि पुन्हा तेच. फेब्रुवारी १९६० मध्ये खरे गुंड आले तेव्हा अंगाला ते नवं नव्हतं. मे महिन्यात नॅशव्हिलच्या मध्यवस्तीतल्या दुकानांनी काळ्यांना त्या काउंटरवर जेवण द्यायला सुरुवात केली.

तिसरा आक्षेप आपल्याकडचा लाडका: मैदान, पेटी, गाणी ही सारी धर्मांतराची आमिषं. मिशनऱ्यांनी खेळ आणि गाणी लोकांना जवळ आणायला वापरली, हे खोटं नाही. पण नागपूरचा हा खेळशिक्षक इथून शिदोरी बांधून गेला. तो गळ टाकायला आलाच असेल, तर स्वतःच गळाला लागून परतला.

आणि खेळ हे नुसतं आमिष असेल, तर काळा बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन याचं काय करायचं? पॅसाडेनात कार्ल डाउन्स नावाच्या तरुण मेथडिस्ट पाद्र्याने खेळांच्या आधाराने मुलांना चर्चकडे वळवलं. वडीलधाऱ्यांनी नाकं मुरडली. त्या मुलांतला रॉबिन्सन शनिवारी फुटबॉलमध्ये अंग ठेचून घ्यायचा आणि रविवारी सकाळी ठणकत्या अंगाने मुलांना बायबल शिकवायचा. ऑगस्ट १९४५ मध्ये ब्रुकलिन डॉजर्स या बेसबॉल संघाच्या ब्रँच रिकीने त्याला कचेरीत बोलावलं. हाही मेथडिस्ट, पूर्ण नाव वेस्ली ब्रँच रिकी. त्याने कधी उर्मट हॉटेल कारकून, तर कधी शिवराळ प्रतिस्पर्धी होऊन रॉबिन्सनवर शिव्यांचा भडिमार केला. हा भडकतो का, एवढंच पाहायचं होतं. नॅशव्हिलच्या आधी चौदा-पंधरा वर्षं झालेली ही तीच तालीम. रिकी पक्का व्यापारी होता, गल्ल्यावरही त्याची नजर होती. असू द्या. १५ एप्रिल १९४७ रोजी रॉबिन्सन मैदानात उतरला आणि मोठ्या बेसबॉलमधली अनेक दशकांची वर्णबंदी मोडली.

गाण्याचंही तसंच. जॉन वेस्लीचा भाऊ चार्ल्स याने सहा हजारांहून अधिक गीतं रचली. जॉनने १७६१ मध्ये गायकांसाठी नियम छापले: अर्धवट झोपेत गाऊ नका, शेजाऱ्याच्या वर आवाज चढवू नका, लय सोडून पुढे पळू नका. वारकऱ्याला हे सांगायला नको. टाळ चुकला की दिंडीचं पाऊल चुकतं. फिलाडेल्फियात चार्ल्स टिंडली ज्या मेथडिस्ट चर्चमध्ये झाडलोट करायचा, तिथेच पुढे पाद्री झाला. विसाव्या शतकाच्या आरंभी त्याने लिहिलेलं एक भजन ‘वुई शॅल ओव्हरकम’ या लढ्याच्या गाण्याच्या मुळांपैकी एक मानलं जातं. मधल्या काळात अमेरिकेच्या दक्षिणेतल्या संपकरी तंबाखू कामगार स्त्रियांनी ते गाणं आपलंसं केलं. त्याचं हिंदी रूप आपल्या शाळांत घोकून घेतात. देवळात किंवा शाळेत घोकलेलं गाणं संपात उपयोगी पडतं, कारण भीतीने घसा सुकला तरी पाठ असलेले शब्द तोंडातून निघतात.

१९६८ मध्ये मेम्फिसचे तेराशे सफाई कामगार संपावर गेले. दोन साथी कचऱ्याच्या गाडीत चिरडून मेले होते. ‘मी माणूस आहे’ असे फलक घेऊन ते चालत. त्यांच्या पाठीशी उभ्या राहिलेल्या समितीत पुढे होते पाद्री लॉसन. मार्टिन ल्यूथर किंग यांना त्यांनीच बोलावून घेतलं होतं.

पण माझा निकाल मेम्फिसवर अवलंबून नाही, एका रुमालावर आहे. नॅशव्हिलच्या रस्त्यावर एक गोरा तरुण लॉसन यांच्या अंगावर थुंकला. त्यांनी त्याच्याकडेच रुमाल मागितला. गोंधळून त्याने दिला. थुंकी पुसून, रुमाल परत करून लॉसन यांनी विचारलं, तुझ्याकडे मोटरसायकल आहे का? आणि दोघे गाड्यांवर बोलू लागले.

ज्या हाताने मॅसिलनला थोबाडीत दिली होती, त्याच हाताने हा रुमाल घेतला. आईच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला वीसेक वर्षांची तालीम लागली: थोडी तुरुंगात, थोडी हिस्लॉपच्या मैदानावर, थोडी चर्चमधल्या खुर्च्यांवर. त्यातला प्रार्थनेचा भाग कुठे संपतो आणि खेळाचा कुठे सुरू होतो, हे ज्याला रेघ मारून दाखवता येईल त्याने खुशाल दाखवावं. मला येत नाही. म्हणून पुढच्या रविवारी पाद्रीबुवांच्या गळ्यात शिट्टी दिसली, तर तक्रार एवढीच करावी की तालीम उशिरा सुरू झाली.