आधी ऐका, मग वर्गात बोला

भामरागडची माडिया, जिवतीची कोलामी बोलणारी मुलं शाळेत आधी मराठी शिकतात, इंग्रजी तिसरी. राज्यात पहिलीपासून इंग्रजी २००० साली आली, तरी तास फळ्यावरचं उतरवण्यातच सरतो. २००७ मध्ये अमेरिकेत कोलोराडोतल्या बर्गमन आणि सॅम्स या शिक्षकांनी क्रम उलटवला: धडा घरी ऐकायचा, सराव वर्गात. आम्हाला ही पद्धत मनापासून पटते. मात्र रेंजच्या भरवशावर ती इथे चालणार नाही. शिक्षकांनी छोटा धडा मुलांच्या बोलीत आणि इंग्रजीत रेकॉर्ड करावा. आश्रमशाळेत तो संध्याकाळी वसतिगृहात स्पीकरवर लावावा. सकाळी मोहफूल, टोपली, तेंदूपान हातात घेऊन मुलांनी जोडीजोडीनं ‘व्हॉट इज धिस?’ विचारावं. चुकली तर चुकू द्या, पण बोलू द्या.