ट्रॅक्टर कुणाच्या अंगणात उभा आहे?

बँकेतल्या माणसासाठी फाइल परत करणं ही काही मोठी गोष्ट नसते. आठवड्याला दोन-चार जातातच. पण गेल्या वर्षी मी परत केलेली एक फाइल अजून डोक्यातून जात नाही, म्हणून हे लिहिते आहे.

मी एका सरकारी बँकेत कृषी अधिकारी आहे. पोस्टिंग पंजाबात, संगरूर जिल्ह्यातल्या एका ग्रामीण शाखेत. गाव परभणी जिल्ह्यातलं. आई-वडील दोघंही शेतमजूर, घरात पदवीपर्यंत पोहोचलेली पहिली मीच. इथे माझ्या टेबलावर ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, बेलर, सुपर सीडर यांच्या कर्जाच्या फाइली येतात. बहुतेक मंजूर होतात. ती झाली नाही.

तो तिशीतला, मजहबी शीख समाजातला. वडील एका जमीनदाराकडे सीरी होते. सीरी म्हणजे साधारण आपल्याकडचा सालगडी. हा स्वतः बारा वर्षं कम्बाइन हार्वेस्टरवर चालक. मार्चमध्ये गव्हाला मध्य प्रदेश, दसऱ्याच्या सुमाराला सोयाबीनला महाराष्ट्र. माझं गाव कुठलं ते कळल्यावर म्हणाला, "परभणी? जिंतूर, सेलू सगळं पाहिलंय मॅडमजी. काळी माती. पाऊस झाला की मशीन रुतते." त्याला आणि त्याच्या चार मित्रांना मिळून यंत्रं भाड्याने देण्याचा धंदा सुरू करायचा होता. मी फॉर्म पुढे ओढला आणि सवयीने पहिला प्रश्न विचारला, जमीन किती?

"जमीन नाही जी. मशीन चालवता येते, दुरुस्त करता येते."

मी त्याला सांगितलं की असं होत नाही. चहा पाजला आणि परत पाठवला.

त्याच दसऱ्याला आईचा फोन आला. "औंदा गुत्तं नाही बाई. हार्वेस्टर आलंय गावात." आमच्या वस्तीतल्या दहा-बारा बायकांची टोळी दरवर्षी सोयाबीन काढायचं गुत्तं घ्यायची. एकराला चार हजारांच्या आसपास मिळायचे, ते सगळ्यांत वाटले जायचे. हार्वेस्टरवाला त्याच्या निम्म्यात एकर काढून देतो, तेही तासाभरात. शेतकऱ्याने का बोलवावं टोळीला? त्याच्या जागी मी असते तर मीही बोलवलं नसतं. त्याआधी खुरपणी गेली होती, ती तणनाशकाने नेली. आईच्या वर्षाच्या हिशेबात दोनच मोठे हंगाम होते, दोन्ही गेले.

इथे एक गोष्ट स्पष्ट करते, कारण आपल्यातलेच काही मित्र लगेच यंत्राविरुद्ध बोलायला लागतात. मी यंत्राच्या विरोधात नाही. आईची कंबर मी पाहिली आहे. सोयाबीनच्या वाळलेल्या शेंगांनी चिरलेले तिचे हात मी शाळेत असताना रात्री तेल लावून चोळले आहेत. त्या कामात मला काही पवित्र वाटत नाही. ज्यांनी ते कधी केलं नाही त्यांनाच श्रमाचं गाणं सुचतं. बाबासाहेबांनी 1945 च्या काँग्रेस आणि गांधींवरच्या पुस्तकात यंत्रविरोधाची चांगली झाडाझडती घेतली आहे. यंत्राशिवाय माणसाला फुरसत नाही, आणि फुरसतीशिवाय संस्कृती नाही, हा त्यांचा मुद्दा. पण फुरसत कुणाला मिळते? ज्याच्या मालकीचं यंत्र आहे त्याला. माझ्या आईला मिळाली ती फुरसत नाही, बेकारी आहे.

सरकारची मदत यात कुठे बसते ते पाहू. केंद्राचं कृषी यांत्रिकीकरण उपअभियान 2014-15 पासून सुरू आहे. त्यात अनुसूचित जाती-जमाती, महिला, अल्प आणि अत्यल्प भूधारक यांना यंत्राच्या किमतीच्या 50 टक्क्यांपर्यंत आणि इतरांना 40 टक्क्यांपर्यंत अनुदान आहे, कमाल मर्यादेच्या आत. वाचायला बरं वाटतं, आपला उल्लेख पहिल्याच ओळीत आहे. आता अर्ज भरायला घ्या. महाराष्ट्रात महाडीबीटीवर सातबारा हवा, आठ-अ हवा. नंबर लागला की पूर्वसंमती मिळते, मग यंत्र आधी स्वतःच्या पैशाने विकत घ्यायचं, बिल चढवायचं, तपासणी व्हायची आणि मग अनुदान खात्यात येणार. म्हणजे ज्याच्याकडे जमीन आहे आणि सहा-सात लाख रुपये आधी उभे करायची ताकद आहे, त्याला सरकार सव्वा लाख देणार. त्या ताकदीसाठी तो येतो माझ्याकडे, आणि मी विचारते, जमीन किती.

हा प्रश्न वरवर जातीचा नाही. फॉर्ममध्ये जातीचा रकाना वेगळा आहे, तिथे तर आपल्याला प्राधान्य आहे. पण 2015-16 च्या कृषी गणनेत देशातल्या एकूण वहिती खात्यांपैकी सुमारे 12 टक्के खाती अनुसूचित जातींची होती आणि त्यांच्याकडची जमीन 9 टक्क्यांच्याही आत. लोकसंख्येत आपण 2011 ला 16.6 टक्के होतो. ज्यांच्याकडे जमीन आहे त्यांचीही सरासरी एक हेक्टरच्या खाली. आणि 2011 च्या जनगणनेत शेतकरी होते 11.88 कोटी, शेतमजूर 14.43 कोटी. हे चौदा कोटी लोक शेतीत काम करतात, पण कृषी खात्याच्या लेखी ते शेतकरी नाहीत. यांत्रिकीकरणाचा सगळ्यात थेट परिणाम ज्यांच्यावर होतो, त्यांचं नाव अनुदानाच्या अर्जात लिहायला जागा नाही.

पंजाबात हे जास्त उघडं दिसतं. देशात अनुसूचित जातींचं प्रमाण सगळ्यात जास्त याच राज्यात आहे, 2011 ला जवळपास 32 टक्के. वहितीखालच्या जमिनीत त्यांचा वाटा मात्र चार टक्क्यांनाही पोहोचत नाही. 2020 च्या टाळेबंदीत बिहार-उत्तर प्रदेशचे मजूर परत गेले, तेव्हा भातलावणीला स्थानिक दलित मजुरांना भाव आला. त्यांनी मजुरी वाढवून मागितली. अनेक गावांत पंचायतींनी लावणीचे दर बांधणारे ठराव केले, जास्त मागणाऱ्यांवर बहिष्काराची भाषा झाली. त्याच हंगामात थेट भात पेरणीच्या यंत्रांना सरकारी अनुदान मिळालं आणि ती पद्धत झपाट्याने पसरली. पाणी वाचतं, हे खरंच आहे. पण मजुराने मजुरीवर बोलायला तोंड उघडलं की यंत्र हजर होतं, आणि त्या यंत्राची अर्धी किंमत सरकार भरतं, हेही मी विसरू शकत नाही.

याच संगरूर जिल्ह्यात बलद कलां नावाचं गाव आहे. पंजाबच्या 1961 च्या कायद्याप्रमाणे गावच्या शामलात जमिनीपैकी कसण्यायोग्य एक तृतीयांश अनुसूचित जातींना भाडेपट्ट्याने द्यायची असते. प्रत्यक्षात लिलावात दलिताचं नाव पुढे करून जमीन दुसराच कसायचा. 2014 मध्ये बलद कलांच्या दलितांनी लाठ्या खाल्ल्या, पण तो हिस्सा मिळवला आणि सामुदायिक शेती सुरू केली. मला त्या गावाबद्दल फार आदर आहे. पण बँकेच्या खुर्चीत बसून पाहिलं तर अडचण लगेच दिसते. दरवर्षीच्या पट्ट्यावरची जमीन तारण होत नाही, म्हणून तिच्यावर ट्रॅक्टरचं कर्ज निघत नाही. मी ज्या वस्त्यांत फिरते तिथे असं दिसतं की ज्यांच्याशी भांडून जमीन घेतली, नांगरटीच्या वेळी त्यांच्याच दारात ट्रॅक्टर मागायला उभं राहावं लागतं. वापसा दोन-चार दिवसांचा असतो. ट्रॅक्टरवाल्याने "परवा बघू" म्हटलं की संपलं. बहिष्कार टाकायला आता पाणवठा बंद करावा लागत नाही.

म्हणून मला वाटतं, यंत्राला जमिनीपासून सोडवलं पाहिजे. हे अशक्य नाही, सरकारने तसं केलेलं आहे. महाराष्ट्राच्या सामाजिक न्याय विभागाची 2012 ची मिनी ट्रॅक्टर योजना घ्या. ती सातबाऱ्याला नाही, बचत गटाला दिलेली आहे. गटातले किमान 80 टक्के सदस्य अनुसूचित जातीचे किंवा नवबौद्ध हवेत, अध्यक्ष आणि सचिवही त्यातलेच. साडेतीन लाखांपर्यंत 9 ते 18 अश्वशक्तीचा ट्रॅक्टर आणि त्याची अवजारं, त्यात 90 टक्के अनुदान, गटाचा वाटा फक्त 10 टक्के. विचार म्हणून ही योजना मला बाकी सगळ्यांपेक्षा पुढची वाटते.

आमच्या गावात असा एक ट्रॅक्टर आला. गटात माझ्या चुलत्याचं नाव आहे. ट्रॅक्टर उभा असतो तो वस्तीपासून लांब, गावातल्या एका बड्या शेतकऱ्याच्या अंगणात. पस्तीस हजारांचा गटाचा वाटा त्याने भरला, कागद त्याने फिरवले, सह्या आमच्या लोकांनी केल्या आणि प्रत्येकाला दोन-दोन हजार मिळाले. चुलत्याला मी रागाने विचारलं, काका, असं कसं केलंत? ते म्हणाले, "डिझेल कोण टाकणार बाई? आन् आपल्याला कोण बोलावतंय नांगरायला?" मी गप्प बसले, कारण दोन्ही प्रश्न खरे होते. त्यात तिसरा मी घालते. काळ्या भारी जमिनीत खोल नांगरटीला अठरा अश्वशक्तीचा ट्रॅक्टर पुरत नाही. तो फळबागेत आणि आंतरमशागतीला चांगला. आमच्याकडे भाड्याची मागणी असते ती मोठ्या ट्रॅक्टरला. आमच्या वाट्याला योजना आली तीही मिनीच. शिकवायला कुणी नाही, पहिल्या हंगामाच्या डिझेलला पैसे नाहीत, कामाची हमी नाही. मग ट्रॅक्टर ज्याच्याकडे या तिन्ही गोष्टी आहेत त्याच्याकडे जाणारच.

तेलंगणाने 2021 मध्ये दलित बंधू योजनेत कुटुंबाला 10 लाख रुपये दिले, बँकेचं कर्ज नाही, परतफेड नाही. काहींनी त्यातून ट्रॅक्टर आणि हार्वेस्टर घेतले. लाभार्थी ठरवण्यात राजकारण शिरलं, सरकार बदललं आणि योजना थंडावली. केंद्राच्या नमो ड्रोन दीदी योजनेत 15 हजार महिला बचत गटांना फवारणीचे ड्रोन द्यायचे ठरले, 80 टक्के अनुदानावर. म्हणजे जमीन नसलेल्या बाईच्या गटाला आठ लाखांपर्यंतची मदत देता येते. मग सोयाबीन काढणाऱ्या टोळीला हार्वेस्टर का देता येत नाही? जिचं काम यंत्राने जाणार आहे तिच्याच हातात ते यंत्र आधी द्या, एवढंच मी म्हणते. अनुदान खरेदीनंतर नको, खरेदीच्या वेळी थेट विक्रेत्याला. तारण जमिनीचं नको, यंत्राचंच. आणि पहिली दोन वर्षं सरकारी कामं त्या गटालाच: कृषी विद्यापीठांचे आणि बीजोत्पादनाचे प्रक्षेत्र, जलसंधारणाची मातीकामं, पंचायतीच्या जमिनी. गावाने बोलावलं नाही तरी हप्ता निघेल असं काम. एकदा यंत्र वेळेवर आणि स्वस्तात मिळतंय म्हटल्यावर गावही बोलावतं. पेरणी अडली की जात थोडा वेळ बाजूला ठेवायला लोक तयार असतात, हे मी लहानपणापासून पाहते आहे.

बाबासाहेबांनी 1918 मध्ये, सत्ताविसाव्या वर्षी, भारतातल्या लहान धारणक्षेत्रांवर निबंध लिहिला होता. तुमच्यातल्या अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्यांनी तो जरूर वाचावा. जमिनीचा तुकडा लहान की मोठा हे नुसत्या एकरांवर ठरत नाही, त्यावर किती भांडवल आणि किती श्रम लागतात त्या प्रमाणावर ठरतं, आणि शेतीवर रिकाम्या हातांचा जो भार आहे तो उद्योगांकडे वळवला पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. 1947 च्या राज्यसंस्था आणि अल्पसंख्याकांवरच्या मसुद्यात ते आणखी पुढे जातात: जमीन राज्याची, शेती सामुदायिक, आणि बैल, अवजारं, बी, खत पुरवण्याची जबाबदारी राज्याची. कुणी जमीनदार नाही, कुळ नाही, भूमिहीन मजूर नाही. अवजार हा त्यांच्या मांडणीत मालकाला द्यायचा बक्षिसाचा भाग नव्हता.

आता परत त्या फाइलकडे. मला एक गोष्ट कबूल करायची आहे. त्याला नाही म्हणताना मी नियमाचा आधार घेतला, पण नियम पूर्ण तसा नव्हता. 2020 पासून कृषी पायाभूत सुविधा निधी आहे. त्यात यंत्रांचं भाडे केंद्र बसतं, 2 कोटींपर्यंतच्या कर्जावर व्याजात 3 टक्के सवलत आहे आणि पत हमीची सोय आहे. जमीनवाल्यांच्या मुलांना मी स्वतः ही योजना समजावून सांगितली आहे. त्याला सांगितली नाही. कर्ज थकलं तर जाब मला द्यावा लागेल, भूमिहीनाची फाइल म्हटल्यावर वरून आणखी चार प्रश्न येतील, हे मनात आलं आणि मी फॉर्म बंद केला. आरक्षणातून या खुर्चीत आलेली मी, आणि मीही तोच प्रश्न विचारला जो माझ्या वडिलांना प्रत्येक कचेरीत विचारला गेला.

गेल्या महिन्यात त्याला शोधून फोन केला. तो इंदूरकडे कम्बाइनवर होता. वैशाखीच्या आत परत येतो म्हणाला. पाच जणांचा संयुक्त दायित्व गट करू, असं ठरलं आहे. यंत्रांची दरपत्रकं मागवली आहेत, प्रकल्प अहवाल मी सुट्टीच्या दिवशी बसून लिहिते आहे. मॅनेजर साहेबांना विषय काढला तेव्हा त्यांनी वर न बघता विचारलं, "जमीन किती आहे त्यांची?"

मी म्हटलं, शून्य. फाइल टेबलावर ठेवते, तुम्ही बघा.