स्वार गेला, घोडा राहिला

मुंबईस डेव्हिड ससून वाचनालयाच्या परिसरांत जो काळा घोडा उभा आहे, त्याच्या पाठीवर कोणी स्वार नाहीं. परगांवचा मनुष्य तो पाहून सहजच विचारतो कीं, याचा स्वार गेला कोठें? प्रश्न साधा आहे. परंतु त्याच्या उत्तरांत या नगरीचा जो इतिहास सांठविलेला आहे, त्यापासून आजच्या पुतळे उभारणारांनीं कांहीं बोध घ्यावा, या हेतूनें आम्ही आज हा विषय वाचकांपुढें मांडीत आहों.

इंग्लंडचा युवराज, जो पुढें सातवा एडवर्ड म्हणून गादीवर बसला, तो १८७५ सालीं मुंबईस आला. त्या भेटीची आठवण म्हणून सर आल्बर्ट ससून यांनीं त्याचा अश्वारूढ पुतळा शहरास अर्पण केला. व्हिएन्ना येथें जन्मलेला व लंडनांत नांवारूपास आलेला शिल्पकार जोसेफ एडगर बोहम याच्या हातचें हें काम १८७९ सालीं येथें बसविण्यांत आलें. दाता धनाढ्य, शिल्पकार नामांकित, स्वार भावी सम्राट्. कीर्ति चालण्यास आणखी काय हवें होतें? पण मुंबईकरानें त्या जागेस युवराजाचें नांव दिलें नाहीं व दात्याचेंहि दिलें नाहीं. त्यानें पाहिला तो काळा घोडा, आणि 'काळा घोडा' हेंच नांव त्यानें कायम केलें.

कायद्याच्या भाषेंत सांगावयाचें तर स्वाराजवळ सनद होती, घोड्याजवळ वहिवाट होती, आणि शेवटीं वहिवाटच टिकली! १९६५ सालीं तो पुतळा तेथून हलवून भायखळ्याच्या उद्यानांत नेण्यांत आला. घोडा गेला तसें नांवहि जावयाचें. पण पन्नासांहून अधिक वर्षें घोड्यावांचूनच तें नांव लोकांच्या तोंडीं राहिलें. २०१७ सालीं शिल्पकार श्रीहरी भोसले यांनीं घडविलेला घोडा त्या परिसरांत उभा राहिला, तेव्हां त्याच्या पाठीवर कोणासहि बसविलें नाहीं. पुतळ्यावरून जागेस नांव पडतें, हें सर्वत्र दिसतें. येथें नांवावरून पुतळा घडला.

परक्या राजाच्या पुतळ्याची अशी आठवण तरी कशास हवी, असा आक्षेप कोणी घेतील. १८९६ सालीं चापेकर बंधूंनीं मुंबईंतील व्हिक्टोरिया राणीच्या पुतळ्यास डांबर फांसलें. त्यामागील संताप आम्ही पूर्णपणें जाणतों. तथापि दास्य कधीं नव्हतेंच असें भासविणें म्हणजे स्वाभिमान नव्हे. चौथऱ्यावर असतांना तो पुतळा सत्तेची द्वाही फिरवीत होता. संग्रहालयाच्या आवारांत ठेवल्यावर तो नुसता पुरावा झाला. आणि पुरावा जाळून कोणी आपला दावा बळकट करीत नसतो.

दुसरा आक्षेप अधिक गोड व म्हणूनच अधिक घातक आहे. तो असा कीं, रिकाम्या पाठीवर आपल्यांतील एखादा थोर पुरुष कां बसवूं नये? थोर पुरुषांचीं स्मारकें अवश्य व्हावींत. परंतु स्वराज्य म्हणजे घोडा तोच ठेवून स्वार बदलणें नव्हे. सार्वजनिक जागा ही लोकांची ठेव आहे. अधिकारी तिचे विश्वस्त आहेत, मालक नव्हेत. आज गांवोगांव काय दिसतें? नांव थोर पुरुषाचें, पैसा लोकांचा, चढाओढ उंचीची. आणि कोनशिलेवर अनावरण करणाराचें नांव मोठ्या अक्षरांत, तर ज्यानें मूर्ति घडविली त्याचा पत्ताच नाहीं! मग त्या घोड्यावर खरोखर बसला कोण, हें सुज्ञांस सांगावयास नको.

याच घोड्यापासून थोड्याच अंतरावर हुतात्मा चौक आहे. संयुक्त महाराष्ट्रासाठीं ज्यांनीं प्राण दिले, त्यांच्या तेथील स्मारकांत मशाल घेऊन उभे आहेत ते कामगार व शेतकरी. तेथें कोणी पुढारी नाहीं. लोकांचा इतिहास दगडधातूंत कसा उतरवावा, याचीं हीं दोन उदाहरणें मुंबईच्या पदरीं आहेत.

म्हणून आमचें मागणें इतकेंच. नवा पुतळा उभारण्यापूर्वीं त्या वस्तींतील रहिवाशांचें मत उघडपणें घ्यावें. प्रत्येक पुतळ्यापाशीं, कोणासहि वाचतां येईल अशा ठळक मराठींत, तो कोणीं घडविला, खर्च कोणाचा व पूर्वीं त्या जागीं काय होतें, हें लिहावें. आणि ज्यांनीं हें शहर हातांनीं उभारलें, त्या गिरणीकामगारांस व गोदी-कामगारांस चौथऱ्याचा मान पुढाऱ्यांच्या आधीं मिळावा. ज्यांच्या हातीं आज नगरांचा कारभार आहे, त्यांनीं पुतळ्याचा पुढील ठराव मांडण्यापूर्वीं या घोड्यासमोर घटकाभर उभें राहावें, अशी आमची त्यांस आग्रहाची सूचना आहे.