रस्ता बांधतात, वाट पडते

कुठलंही इंजिनिअरिंग कॉलेज घ्या. 'हिरवळीवर चालू नये' ही पाटी असतेच, आणि बहुतेक वेळा तिच्या अगदी शेजारून एक छानपैकी मळलेली पायवाट गेलेली असते. पाटी लावणाऱ्यांचं म्हणणं, पोरांना शिस्त नाही. पोरांचं म्हणणं, पहिल्या लेक्चरची अटेंडन्स बुडाली तर ती काय पाटी भरून देणार? वाद जुनाच आहे. पण आपण इंजिनिअरिंगवाले. तेव्हा शिस्तीचा मुद्दा घटकाभर बाजूला ठेवून आधी हिशोब करू.

समजा, ३० मीटर बाय ४० मीटरची हिरवळ आहे आणि फरसबंदी तिच्या कडेकडेने आहे. कोपऱ्यातून समोरच्या कोपऱ्यात जायचं तर ७० मीटर चालावं लागतं. तिरपं गेलं तर ५०. पायथागोरस शाळेतच शिकवला होता. २० मीटर वाचले, म्हणजे साधारण १६ सेकंद. 'सोळा सेकंदांनी काय बिघडतं?' असं कुणीही विचारेल. पण होस्टेल, मेस, डिपार्टमेंट, लायब्ररी अशा दिवसाला सहा खेपा आणि होस्टेलवर चारशे जण धरा. सगळ्यांचे मिळून रोजचे दहा तासांहून जास्त होतात! अर्थात चालणारा असा गुणाकार करत बसत नाही. त्याचे पाय करतात.

आपल्या भाषेला हे केव्हाच कळलेलं आहे. मराठीत रस्ता 'बांधतात', पण वाट 'पडते'. ती कुणी पाडायची ठरवत नाही; माणसं, गुरं जातात आणि पडते. खंडाळ्याच्या घाटात शिंग्रोबाचं देऊळ आहे. बोरघाटातून रेल्वे कुठून न्यावी हे साहेबाच्या इंजिनिअरांना सुचेना, तेव्हा शिंग्रोबा धनगराने आपल्या पायाखालची वाट दाखवली, अशी कथा सांगतात. बोरघाटाची रेल्वे १८६३ मध्ये सुरू झाली. कथेत खरं किती हे सोडा, पण तिचं म्हणणं ध्यानात घेण्यासारखं आहे. जो रोज चालतो, त्याला जमीन नकाशावाल्यापेक्षा जास्त कळते.

आता एका आय.आय.टी.ची गोष्ट. आपल्या पवईची नव्हे, अमेरिकेतल्या शिकागोची, इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी. तिथला कॅम्पस मीस व्हॅन डर रोह या बड्या वास्तुविशारदाने आखलेला, सगळं काटकोनात. एका बाजूला वर्ग, दुसऱ्या बाजूला होस्टेलं, आणि मध्ये लोकल रेल्वेच्या उंच पुलाखालची मोकळी जागा. त्या जागेत पोरांनी आडव्यातिडव्या पायवाटा पाडल्या होत्या. पुढे तिथे विद्यार्थी केंद्राची इमारत बांधायचं ठरलं आणि काम रेम कूलहास यांच्या ऑफिसकडे गेलं. त्यांनी काय करावं? त्या वाटा पुसण्याऐवजी त्यांचाच नकाशा काढला आणि इमारतीतले रस्ते त्या तिरप्या रेषांवर बेतले. वाटांच्या मधल्या तुकड्यांत खाण्यापिण्याची, बसण्याची, खेळण्याची जागा केली. २००३ साली इमारत सुरू झाली. होस्टेलवरून वर्गाकडे जाणारा पोरगा आता वळसा न घालता इमारतीतूनच आरपार जातो, आणि जाता जाता चार मित्र भेटतात ते वेगळंच.

दुसरं उदाहरण लंडनच्या ट्रॅफल्गर चौकाचं. एवढा प्रसिद्ध चौक, पण रोजचा लंडनकर त्याच्या मधून न जाता कडेने निघून जायचा. बिल हिलियर यांच्या स्पेस सिंटॅक्स या गटाने लोक नेमके कुठून चालतात याची पाहणी केली. मग नॉर्मन फॉस्टर यांच्या ऑफिसने केलेल्या आराखड्याप्रमाणे उत्तरेकडचा, नॅशनल गॅलरीसमोरचा रस्ता गाड्यांना बंद झाला आणि गॅलरीकडून चौकात उतरणारा रुंद जिना मधोमध बांधला गेला. हेही २००३ सालीच पुरं झालं. त्यानंतर मधला भाग पुष्कळ वापरात आला. शोभेची कारंजी आणि सिंह तर आधीही तिथेच होते. कमी होती ती सरळ वाटेची.

"म्हणजे काय, दिसेल त्या पायवाटेवर काँक्रीट ओतायचं?" असं आमच्या एका सरांनी विचारलं. प्रश्न रास्त आहे. प्रत्येक दारापासून प्रत्येक दारापर्यंत सरळ रेषा मारली, तर हिरवळ शिल्लकच राहणार नाही. याचं उत्तर १९९७ साली 'नेचर'मध्ये आलेल्या एका पेपरात सापडतं. डर्क हेल्बिंग, योआखिम केल्च आणि पीटर मोल्नार यांनी पायवाटा कशा पडतात याचं मॉडेल मांडलं. उदाहरणाला घेतला होता तो जर्मनीतल्या श्टुटगार्ट विद्यापीठाचा कॅम्पस. मॉडेलचं तत्त्व सोपं आहे. प्रत्येक पावलाने गवत थोडं दबतं, न चाललं तर पुन्हा उगवतं. चालणाऱ्याला मुक्कामाला लवकर पोचायचं असतं, पण मळलेल्या जागेवरून चालणंही सोयीचं वाटतं. या दोन ओढींतून वाटा एकमेकींत मिसळतात. शेवटी प्रत्येकाला थोडासाच वळसा पडतो आणि वाटा मात्र मोजक्या राहतात. थोडक्यात काय, तर माणसं समजूतदारपणे तडजोड करतात. ती जमिनीवर वाचता आली पाहिजे, एवढंच.

दुसरीही बाजू आहे. सगळ्यात जवळची वाट ती सगळ्यांची वाट, असं नसतं. रात्री लायब्ररीतून परतणाऱ्या मुली अंधारातला शॉर्टकट सोडून दिव्याखालच्या लांबच्या रस्त्याने जातात. मेसचे काका डब्यांची ट्रॉली मातीतून ढकलू शकत नाहीत. गुडघे धरलेल्या मॅडमना उंच कठडा चढवत नाही. कुबड्या घेऊन चालणाऱ्याचा माग तर गवतावर उमटतच नाही, कारण पावसाळ्यात तो तिकडे फिरकूच शकत नाही. म्हणून पायवाट बघायची, आणि तिच्यावर कोण *दिसत नाही* तेही बघायचं. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचाऱ्यांसाठीच्या नियमावलीत (आय.आर.सी. १०३, २०१२ ची आवृत्ती) फुटपाथची मोकळी रुंदी किमान १.८ मीटर हवी असं दिलेलं आहे. दोन व्हीलचेअर समोरासमोर आल्या तर निघून जाता यावं, एवढी ती रुंदी.

हे सगळं लिहायचं कारण असं, की आपल्याकडे मेससमोरच्या चौकाचं सुशोभीकरण होणार आहे. नोटीस बोर्डावरचं चित्र सगळ्यांनी पाहिलंच असेल. मध्ये गोल कारंजं, भोवती मेंदीचं कुंपण, साखळ्या, आणि फरसबंदी पुन्हा कडेनेच. चित्र सुंदर आहे. पण आज होस्टेलपासून मेसच्या दारापर्यंत जी वाट पडलेली आहे, ती बरोब्बर त्या कारंज्यातून जाते. पुढे काय होणार हे सांगायला ज्योतिषी नको. पहिल्या सेमिस्टरलाच मेंदीत भगदाड पडेल, दुसऱ्याला साखळी तुटेल. मग माळीकाकांनी वर्षभर तेच भगदाड बुजवत बसायचं, आणि रेक्टर सरांनी दंडाच्या पावत्या फाडायच्या.

त्यापेक्षा एक साधी सूचना. सेकंड इयर सिव्हिलला सर्व्हेइंगचं प्रॅक्टिकल असतंच. दरवर्षी तेच ग्राउंड मोजण्यापेक्षा या वेळी हा चौक द्या. आठवडाभर सकाळी आठ, दुपारी एक आणि रात्री नऊ वाजता कोण कुठून कुठे जातं ते मोजू. मेस, वर्कशॉप आणि ऑफिसच्या लोकांनाही विचारू. त्यातून ज्या दोन-तीन वाटा निघतील त्या पुरेशा रुंद, सपाट आणि दिव्यांच्या करा. उरलेल्या जागेत हवी तेवढी हिरवळ लावा. कारंजंही करा, पण चार पावलं बाजूला सरकवून. त्यासाठी जादा खर्च जवळजवळ नाही. नकाशावर रेघ खोडायला रबर पुरतं. फरश्या बसल्यावर मात्र रबराने काम भागत नाही, म्हणून हे आत्ताच व्हायला हवं.