दुकानाशिवाय वाणसामान

१९७२चा दुष्काळ, पाठोपाठ १९७३चा खनिज तेलाच्या दरांचा भडका. १९७४मध्ये देशातली महागाई वीस टक्क्यांच्या वर गेली आणि मुंबईच्या चाळींत महिन्याचा किराणा पंधरवड्यात संपू लागला. रॉकेलसाठी रांगा, डालडा गायब, बायकांचे लाटणे मोर्चे. त्याच दिवसांत, १९७५मध्ये, मुंबई ग्राहक पंचायत उभी राहिली. तिच्यामागच्या, बिंदुमाधव जोशींच्या ग्राहक चळवळीत गायक-संगीतकार सुधीर फडकेही होते, हे आज फारसे कुणाला आठवत नाही. पंचायतीची रीत साधी होती. शेजारची काही कुटुंबे मिळून एक संघ करायचा, महिन्याची मागणी आधी लिहून द्यायची. पंचायत सगळ्यांचा माल घाऊक भावात एकदम उचलणार, तो कुणा एका सभासदाच्या घरी उतरणार आणि वाटप सभासदांनीच करायचे. दुकानाचे भाडे नाही, जाहिरात नाही, मधली साखळी आखूड. खरी बचत मात्र यादीत आहे, असे या सदराला ठामपणे वाटते. तूरडाळ किती, साखर किती, हे महिन्याआधी कागदावर मांडावे लागले की डब्यात काय शिल्लक आहे ते आधी बघावे लागते. समोरच्या फळीवर दिसले म्हणून पिशवीत पडणारे जिन्नस आपोआप गळतात. आज मोबाइलवर दहा मिनिटांत सामान दारात येते, तेव्हा नेमकी ही यादीच घरातून नाहीशी झाली आहे. चार शेजारणींनी मिळून तांदळाचे पोते घ्यायला आजही कुणाची परवानगी लागत नाही.