रंगाचा रकाना

रंग दिसला की माणसाला पुढचं काही दिसेनासं होतं, हे माझं अठरा वर्षांच्या कारकुनीतून बनलेलं ठाम मत आहे. आमच्या पुसदच्या शाखेत दुभत्या जनावरासाठी कर्ज मागायला आलेल्याला फॉर्म भरावा लागतो. जात, वय, शिंगं, रंग. जनावराच्या कानात बारा आकडी बिल्ला लटकत असतो, तरी रंगाचा रकाना रिकामा सोडायची सोय नाही. ‘‘सायेब, रंगाचं का करता? दूध पाहा ना!’’ एका शेतकऱ्याने सुनावलं. मी मान डोलावली आणि ‘पांढरा-काळा’ लिहिलं. नोकरी आहे.

पैनगंगा ओलांडून नांदेड-लातूरकडे गेलं की देवणी गायींचा मुलूख लागतो. देवणीत तीन प्रकार सांगतात. तोंडावर काळं असलेला वानेरा, अंगाने स्वच्छ पांढरा बालंक्या आणि अंगभर काळे ठिपके उधळलेला शेवरा. जात एकच, नक्षी तीन. पण बाजारात दलाल भेटला की तो नक्षीची जात करतो आणि जातीचा भाव करतो. ‘‘हे शुद्ध, ते मिश्र.’’ अरे बाबा, गीर, डांगी आणि इथली गावठी जनावरं यांच्या मिश्रणातूनच ही देवणी घडली, असं जाणकार मानतात! शुद्धतेच्या गप्पा मारायला जागा तरी बरी निवडावी.

बरं, हा घोटाळा अडाण्यांचाच आहे असंही नाही. अमेरिकेत कॅलिफोर्नियात किंगस्नेक नावाचा साप आहे. नाव ऐकून आपला नागराज समजू नका. हा बिनविषारी, उलट विषारी रॅटलस्नेकलाच गिळणारा. काहींच्या अंगावर बांगड्यांसारखे आडवे पट्टे, तर काहींच्या पाठीवरून शेपटीपर्यंत एकच उभी रेघ. पंडितांनी या दोन वेगळ्या जाती ठरवून दोघांना दोन लॅटिन नावं देऊन टाकली. मग सॅन डिएगोतल्या लॉरेन्स क्लॉबर नावाच्या गृहस्थाने मादीची अंडी उबवून पाहिली. पिल्लं निघाली ती काही आडव्या पट्ट्यांची, काही उभ्या रेघेची. एकाच आईची, सख्खी भावंडं! हे त्याने 1936 साली छापलं आणि दोन जातींची एक झाली. क्लॉबर पेशाने वीज कंपनीतला इंजिनिअर. (पुढे तो त्या कंपनीचा अध्यक्षही झाला, नोकरदार माणसाला फावल्या वेळात काही करता येत नाही म्हणणाऱ्यांनी नोंद घ्यावी.)

सापांचं मिटलं. आमचं अजून मिटलेलं नाही. माझ्या शेजारी दोन बहिणी आहेत. थोरली सावळी, एम.कॉम., तिच्या पगारावर घर चालतं; धाकटी गोरी, बारावीला. थोरलीला पाहायला आलेल्या मंडळींनी पोहे खाल्ले, दुसऱ्यांदा मागून खाल्ले आणि जाताना विचारलं, ‘‘धाकटीचं काय ठरवलंय?’’ थोरली आतून ऐकत होती. तिने कपबशा उचलल्या आणि दुसऱ्या दिवशी वेळेवर कामावर गेली. मुलाचा वर्ण काय होता म्हणता? तव्याची बूड. पण पुरुषाच्या रंगाला रकाना नसतो.

हे लोक गायीच्या कर्जाला आले असते, तर निदान दूध तरी विचारलं असतं!

तेव्हा वधू-वर परिचय पुस्तिका काढणाऱ्या तमाम मंडळांना माझी लेखी सूचना आहे. ‘वर्ण’ हा रकाना काढा. काढवत नसेल तर मुलाचा वर्ण छापा, सोबत त्याच्या आईचा, बापाचा, दोन्हीकडच्या आजी-आजोबांचा आणि सगळ्या आत्या-मावश्यांचाही छापा. कारण आजीचा रंग आईला चकवून नातीत उतरतो, आणि गोरी सून आणूनही पाळण्यात काय येईल याची हमी कुठलीही बँक घेत नाही. पानं वाढतील, छपाईचा खर्च वाढेल. त्यासाठी कर्ज हवं असेल, तर दोन जामीनदार आणून काउंटर नंबर तीनवर भेटा. जामीनदार कुठल्याही रंगाचे चालतील.